भाव एकराचा, हिशेब कामाच्या जमिनीचा: पहिल्यांदा जमीन घेणाऱ्यांसाठी

जमीन बघायला लागलं की थोड्याच दिवसांत एक गोष्ट लक्षात येते. आपण बाजूला काढलेल्या रकमेत गेल्या वर्षी जे मिळत होतं ते यंदा मिळत नाही, आणि यंदाचं पुढच्या वर्षी मिळणार नाही असं दलाल सांगत असतो. दलालाचं म्हणणं कधीकधी खरंही निघतं. पण याच धास्तीपोटी नवखा माणूस न चालता, न मोजता, न विचारता विसार देऊन बसतो. बाजारभाव तुमच्या हातात नाही. त्या भावात नेमकं काय पदरात पडतंय हे मात्र तपासता येतं, आणि महागाईत वाचणारा पैसा बहुतेक तिथेच वाचतो.

आधी आपली मागणी तपासा

‘पाच एकर तरी हवी’ हा आकडा कुठून आला? बऱ्याचदा तो कुणाकडून तरी ऐकलेला असतो. एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. घरापुरता भाजीपाला पाच-सात गुंठ्यांत होतो, आणि तेवढाही नीट सांभाळायचा तर रोज वेळ द्यावा लागतो. मोठी फळझाडं दोन्हीकडून १० मीटर अंतर सोडून लावली तर एकरात ४० बसतात. ५ मीटरवर लावून छाटणीने आटोक्यात ठेवली तर १६०. एवढ्या झाडांची फळं उतरवणार कोण आणि ती जाणार कुठे, हा प्रश्न जमीन घेण्याआधीचा आहे. घर, शेड, पाण्याची टाकी आणि गाडी वळवायला जागा यांना १० गुंठे धरले तरी पुष्कळ झाले.

जनावरं पाळायची असतील तर हिशेब बदलतो. चाऱ्याला खरोखरच जमीन लागते, आणि किती लागते हे पाऊस आणि माती यांवर इतकं अवलंबून असतं की दुसऱ्या मुलखातला आकडा उचलून चालत नाही. ज्या भागात जमीन बघताय तिथल्या जनावरं पाळणाऱ्यालाच विचारा.

पाण्याचा हिशेबही याच टप्प्यावर करा, कारण पुष्कळदा जमिनीची मर्यादा पाणीच ठरवतं. एक एकराला २५ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे साधारण एक लाख लिटर. बोअर तासाला हजार लिटर देत असेल आणि रोज दहा तास चालवला, तर एका एकराची ही एक पाळी पुरी व्हायला दहा दिवस लागतात. म्हणजे एवढ्या पाण्यावर पाच एकर भिजवायची भाषाच नको. ठिबक केलं तर चित्र सुधारतं, तरीही उरलेली जमीन कोरडवाहूच राहणार. तिचा भाव बागायतीचा देऊ नका.

ही आकडेमोड केली की बहुतेकांची गरज निम्म्यावर येते. माझं मत विचाराल तर पाणी-रस्ता असलेली दोन एकर आणि शेजारी उद्या विकली जाऊ शकेल अशी पडीक जमीन, ही जोडी अडचणीच्या पाच एकरांपेक्षा केव्हाही बरी.

भाव कशामुळे चढलाय?

सगळी भाववाढ एका जातीची नसते. कर्ज स्वस्त झालं आणि लोकांकडे पैसा खेळू लागला की सगळीकडचे भाव सरसकट चढतात. शहर सरकत जवळ आलं की त्या बाजूचे चढतात, आणि ते सहसा खाली येत नाहीत. तिसरी जात अफवेची: इथून रस्ता जाणार, तिथे प्रकल्प येणार. या तिसऱ्या जातीत विक्रेता तुमच्याकडून न झालेल्या रस्त्याचे पैसे आजच मागत असतो. रस्ता झाला तर फायदा तुमचा, नाही झाला तर तोटाही तुमचाच, मग त्याने आगाऊ पैसे कशाचे घ्यायचे? आज जे डोळ्यांना दिसतं त्याचाच भाव द्यायचा. प्रकल्पाची अधिकृत आखणी प्रसिद्ध झाली असेल तर ती मागून घ्या आणि जमिनीच्या नकाशावर ठेवून बघा. पुष्कळदा रस्ता जमिनीच्या जवळून न जाता जमिनीतूनच जात असतो.

‘जमिनीचा भाव कधी पडत नाही’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. अमेरिकेतल्या आयोवा राज्याचे आकडे त्यासाठी बघण्यासारखे आहेत, कारण तिथलं राज्य विद्यापीठ शेतजमिनीच्या भावाची दरवर्षी पाहणी करतं. सत्तरच्या दशकात धान्याला भाव होता, कर्ज सहज मिळत होतं, आणि १९८१ साली तिथला सरासरी एकर २,१४७ डॉलरवर पोचला. मग व्याजदर कडाडले, धान्य पडलं, आणि १९८६ साली तोच सरासरी एकर ७८७ डॉलरवर आला. १९८१ चा आकडा पुन्हा ओलांडायला २००३ साल उजाडलं, तेही मधल्या महागाईचा हिशेब न धरता. अर्थात याच आयोवात २०२२ साली सरासरी ११ हजार डॉलरच्या वर गेली. म्हणजे पडेल पडेल म्हणत बसणाराही नाडला असता. यातून घ्यायचं एवढंच, की भाव पडला तरी ज्याच्यावर हप्त्याचं ओझं नव्हतं तो जमीन कसत राहू शकला. ज्याने पुढच्या भाववाढीच्या भरवशावर कर्ज काढलं होतं, त्याला ती नको त्या वेळी विकावी लागली.

थांबायचं की घ्यायचं

थांबणं फुकट नसतं. समजा जमिनीची किंमत आज १०० आहे आणि तुमच्याकडे ४० आहेत. भाव वर्षाला ८ टक्क्यांनी वाढतोय, तुमची बचत ५ टक्क्यांनी. पाच वर्षांनी किंमत १४७ होते, तुमचे ४० वाढून ५१ होतात. मधली तूट ६० ची ९६ झाली. या पाच वर्षांत तुम्ही नव्याने ३६ पेक्षा जास्त बाजूला टाकू शकलात, तरच थांबून तुम्ही जमिनीच्या जवळ गेलात. नाहीतर लांब गेलात.

कर्जाची बाजूही तितकीच रोकडी आहे. एक लाखाचं कर्ज वीस वर्षांसाठी ७ टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे ७७५ बसतो, १० टक्क्यांनी घेतलं तर ९६५. म्हणजे व्याज ७ वरून १० वर गेलं की त्याच हप्त्यात तुम्हाला आधीच्या ८० टक्केच कर्ज झेपतं. शिवाय मोकळ्या जमिनीवर बँका घरापेक्षा हात आखडता घेतात; कमी रक्कम, जास्त व्याज, थोडी मुदत. कर्जाची सोय काय होईल ते जमीन पसंत करण्याआधीच विचारून ठेवावं. पसंत पडल्यावर माणूस मिळेल त्या अटीवर सही करतो.

खरेदी झेपत नसेल तर खंडाने, म्हणजे वर्षाच्या भाड्याने, घेण्याचा विचार करा. जमिनीचा वर्षाचा खंड आणि तिच्या किमतीवरचं व्याज शेजारी मांडून बघा. भाव फुगलेला असतो तिथे खंड व्याजापेक्षा पुष्कळ कमी निघतो. अशा वेळी एक-दोन हंगाम खंडाने कसून बघणं शहाणपणाचं. आपल्याला हे काम झेपतं का ते कळतं, मातीची ओळख होते, आणि गावात बसउठ वाढली की विक्रीच्या बातम्या दलालाच्या आधी कानावर येतात. करारात ‘मालकाने विकायचं ठरवलं तर आधी खंडकऱ्याला विचारावं’ असं कलम लिहून घ्यायला विसरू नका.

दोन जमिनी शेजारी मांडून बघा

आता मुद्द्याचं. पहिली जमीन १० एकर, एकरी भाव १००. दुसरी ६ एकर, एकरी १४०. नवखा माणूस पहिलीकडे धावतो.

पहिली पायाखाली घातली की कळतं: मधून ओढा गेलाय, त्याच्या दोन्ही काठांचा पट्टा पावसाळ्यात पाण्याखाली. वरच्या अंगाला उघडा कातळ. एक कोपरा इतका उताराचा की तिथे ना घर बांधता येईल, ना औत फिरेल. हे सगळं वजा करून साडेपाच एकर उरली. वर रस्ता तयार करायचा, वीज ओढून आणायची, बोअर घ्यायचा. त्याचे २०० धरा. एकूण १,२०० भागिले साडेपाच, म्हणजे कामाचा एकर २१८ ला पडला. दुसऱ्या जमिनीत रस्ता बांधापर्यंत आहे, विहिरीला पाणी आहे, आणि वाया जाते ती जेमतेम अर्धा एकर. एकूण ८४० भागिले साडेपाच, १५३. स्वस्त जमीन कुठली ते आता सांगा.

बघाल त्या प्रत्येक जमिनीचा हा भागाकार करा. वर नोंदणीचा खर्च, मोजणी, वकील आणि कुंपण घालायला विसरू नका. कुंपणात जमिनीचा आकार फार महाग पडू शकतो. चौकोनी एकराला साधारण २५५ मीटर कुंपण लागतं. तोच एकर २० मीटर रुंदीची लांब पट्टी असेल तर ४४५ मीटर. शिवाय अशा पट्टीत दोन्हीकडून अंतर सोडायचे नियम पाळून घर बसवायला नाकी नऊ येतात.

कुठली खोट चालते, कुठली नाही

महाग बाजारात निर्दोष जमीन परवडत नाही. म्हणजे कुठलीतरी खोट पत्करावीच लागते. फक्त ती दुरुस्त होणारी असावी. झुडपं माजलेली, कुंपण पडलेलं, जुनी शेड मोडकळीला आलेली, माती वर्षानुवर्षं एकच पीक घेऊन थकलेली, कोपऱ्यात राडारोडा टाकलेला: अशी जमीन बघून बाकीचे गिऱ्हाईक नाक मुरडतात, आणि तिथेच भाव मोडतो. थकलेली माती शेणखत, हिरवळीची खतं आणि आच्छादनाने काही वर्षांत सावरते. झुडपं काढण्याचा खर्च आधी विचारता येतो. राडारोड्यात रसायनं किंवा जुनं तेल नाही ना, एवढं मात्र खणून बघा.

याउलट पूर येणं, खारं पाणी, रस्त्याचा हक्क नसणं आणि मालकीचा वाद, या खोटी कितीही सूट मिळाली तरी घेऊ नयेत. पैसे ओतून त्या जात नाहीत, आणि उद्या विकायची वेळ आली तर पुढचा माणूसही हेच म्हणणार.

जमीन चालून बघणं

उन्हाळ्यात दलालाच्या गाडीतून बघितलेली जमीन म्हणजे बघितलेली जमीन नव्हे. मोठा पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी जा, आणि एकटे जा. पाणी कुठे साचलंय, ते किती वेळ राहतं, चाक कुठे रुततं, शेजाऱ्याचं पाणी कुठून आत येतं, हे त्याच दिवशी दिसतं. ओढ्याकाठच्या झुडपांच्या फांद्यांवर बघा. वाळलेलं गवत, काटक्या, प्लास्टिकच्या चिंध्या जितक्या उंचीवर अडकल्या असतील, तितकं पाणी तिथे चढून गेलेलं असतं. मालक काहीही सांगो, ही खूण खोटं बोलत नाही.

सखल भागात लव्हाळा दाट माजला असेल तर तिथे ओल धरून राहते. कोरड्या दिवसांत जमिनीवर पांढरा थर फुललेला दिसला तर माती खारावलेली असण्याची शक्यता मोठी. अशा ठिकाणी माती आणि पाणी दोन्ही प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पुढची बोलणी करू नका.

मातीचा अंदाज घरीही घेता येतो. वीतभर खालची माती काचेच्या उभ्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरा, वर पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती बसायला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. थरांची जाडी मोजली की कशाचं प्रमाण किती ते दिसतं. हे वेगवेगळ्या ठिकाणांहून करा, कारण दहा एकरांत माती तीनदा बदललेली असू शकते. पिकांना लागणारी अन्नद्रव्यं आणि सामू (पीएच, म्हणजे माती आम्लधर्मी की अल्कधर्मी) कळायला मात्र प्रयोगशाळाच हवी.

पाण्याबद्दल विक्रेत्याला कमी आणि शेजाऱ्यांना जास्त विचारा. प्रश्न नेमका हवा: ‘पाणी आहे का’ असं न विचारता ‘सगळ्यात कोरड्या महिन्यात मोटर किती वेळ चालते’ असं विचारा. किती फुटांवर लागलं, किती बोअर कोरडे गेले, हेही. चारपैकी तीन शेजारी टँकरचं नाव काढत असतील तर तुमच्याच बोअरला पाणी लागेल असं मानायला काही आधार नाही.

स्वस्त जमीन कुठे सापडते

जाहिरातीत शेवटी येते ती जमीन. तोवर माहितीतल्या माणसांनी चांगल्या चांगल्या उचललेल्या असतात. आवडलेल्या भागात रस्त्यापासून जरा आत, पुढच्या गावात, मोठ्या रस्त्याचा आवाज थांबतो तिथे विचारपूस सुरू करा. किराणा दुकानदार, विहीर खणणारे, ट्रॅक्टर भाड्याने देणारे, यांना कोण विकायच्या विचारात आहे ते ठाऊक असतं. मुलं शहरात गेलेली आणि हात थकलेले असे मालक पुष्कळदा चार पैसे कमी घेऊन नीट सांभाळणाऱ्याला जमीन द्यायला तयार असतात. मात्र त्यांच्या असहायतेचा फायदा घ्यायला जाऊ नका. गावात पहिल्याच दिवशी नाव खराब झालं तर पुढे बांधावरून पाणीसुद्धा जाऊ देणार नाहीत.

बराच काळ विक्रीला पडून राहिलेल्या जमिनीही बघा. काही खरोखरच वाईट असतात, काही नुसत्या जास्त भाव सांगून अडकलेल्या असतात.

मोठा तुकडा एकरी स्वस्त मिळतो, म्हणून चार मित्रांनी मिळून घ्यायची कल्पना निघते. कल्पना चांगली आहे, पण वाटणी लांबणीवर टाकली तर मैत्री आणि जमीन दोन्ही जातात. पैसे देण्याआधीच नकाशावर रेघा मारा: कुणाचा तुकडा कुठला, पाणी कुणाच्या हद्दीत, रस्ता कुणाच्या अंगावरून, एकाला विकायचं झालं तर बाकीच्यांचा हक्क काय. एवढे लहान तुकडे पाडून स्वतंत्र नोंद करायला तिथला कायदा परवानगी देतो का, हे सगळ्यात आधी. देत नसेल तर तुमच्या हाती सामाईक हिस्सा येतो. त्यावर बँक सहसा कर्ज देत नाही आणि सहमालकांशिवाय गिऱ्हाईकही मिळत नाही.

कागद, आणि मग पैसे

प्रत्येक देशात कागदांची नावं वेगळी, तपासायच्या गोष्टी त्याच. विकणारा खरोखर मालक आहे का, आणि एकटाच आहे का? मालकी त्याच्याकडे कशी आली, त्याच्या आधीच्याकडे कशी होती? जमिनीवर कर्जाचा बोजा, खटला, कूळ किंवा वारसाचा दावा आहे का? जे करायचं म्हणून घेताय ते त्या जमिनीवर करायला परवानगी आहे का? काही देशांत जमिनीखालचं खनिज किंवा वाहतं पाणी जमिनीसोबत येत नाही, त्यांचा हक्क वेगळा विकला गेलेला असतो, तेही बघा. हे काम तिथल्याच, आणि विक्रेत्याने न सुचवलेल्या वकिलाला द्या.

रस्ता डोळ्यांना दिसतो म्हणून तो तुमचा आहे असं नाही. शेजाऱ्याच्या भलेपणावर चालू असलेली वाट मालक बदलला की बंद होऊ शकते. वहिवाट नोंदलेली हवी, आणि तिची रुंदी ट्रॅक्टर किंवा बांधकामाची गाडी जाईल इतकी हवी. मोजणी खरेदीआधी करून घ्या, खुणा रोवताना शेजाऱ्यांना हजर ठेवा. बांध आणि कागदावरची हद्द यांत चार-पाच फुटांचा फरक निघणं नवलाचं नाही. लांब बांधावर त्याचे गुंठे होतात, आणि चढ्या भावात त्या गुंठ्यांचीही किंमत मोठी असते.

घासाघीस करताना ‘फार महाग आहे’ म्हणून काही होत नाही. वर केलेला भागाकार मांडा: इतका भाग पाण्याखाली जातो, रस्त्याला इतका खर्च, बोअरला इतका. लेखी अंदाजपत्रकं सोबत ठेवा. मालक किमतीवर हटून बसला तर मुदतीवर बोला. एक तृतीयांश आता आणि उरलेले दोन-तीन वर्षांत हप्त्याने, हे त्याला चालत असेल तर बँकेच्या व्याजापेक्षा ते स्वस्त पडू शकतं. करार मात्र नोंदवूनच करा, आणि हप्ते पुरे होईपर्यंत त्या जमिनीवर दुसरं कर्ज काढायला किंवा ती दुसऱ्याला विकायला त्याला मनाई असल्याचं त्यात लिहून घ्या.

विसार लहान ठेवा आणि पावतीवर अट घाला: मालकीत दोष निघाला, मोजणीत क्षेत्र कमी भरलं किंवा पाण्याचा अहवाल वाईट आला तर रक्कम परत. ‘आज संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय’ असं ऐकवून अटीविना विसार मागितला जातो. ती पार्टी खरी असेल तर तिला घेऊ द्या.

बोलणीला बसण्याआधी आपली कमाल रक्कम घरच्यांसमोर कागदावर लिहून ठेवा. नुसता एकरी भाव लिहू नका. रस्ता, पाणी, कुंपण, नोंदणी धरून जमीन वापरात येईपर्यंतची रक्कम लिहा. पलीकडच्याने त्याच्या वरचा आकडा धरला तर चहा घ्या, फोन नंबर द्या आणि उठा.